गिनी पिगचा मूतखडा: बोअरच्या पाण्याआधी चाऱ्याकडे बघा

चिकोडी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. घरात दोन गिनी पिग आहेत, ठमी आणि सोनी, सख्ख्या बहिणी, वय तीनच्या पुढे. ठमीच्या लघवीतून रक्त यायला लागलं, एक्स-रेमध्ये मूत्राशयात खडा दिसला, ऑपरेशन झालं आणि आता ती बरी आहे. पाणी बोअरचं. पातेल्यात तापवलं की तळाला पांढरा थर धरतो, तोच थर ठमीच्या पोटात धरला असणार असं घरच्यांचं म्हणणं. म्हणून ताई विचारतात: गावातल्या शुद्ध पाण्याच्या घटकातून कॅन आणून पाजू का? पालेभाज्या सगळ्या बंद करू का? आणि सासूबाई म्हणतात तसा पानफुटीचा रस आणि हुलग्याचं कढण देऊ का? दोघींचं खाणंही त्यांनी नीट लिहिलंय: शेजारच्या गोठ्यातून रोज लसूणघास, दुकानातल्या सशाच्या गोळ्या वाटीत कायम भरलेल्या, सकाळ-संध्याकाळ मेथी किंवा शेवग्याचा पाला, मधूनमधून चुरमुरे, आणि बाटलीतल्या पाण्यात व्हिटॅमिन सीचे थेंब.

पानफुटीचं आधी सांगतो, कारण त्यात उशीर चालणार नाही. पानफुटी देऊ नका, एक पानसुद्धा नको. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. चरताना ती पोटात जाऊन गुरं दगावू शकतात, मग किलोभर वजनाच्या प्राण्याची काय कथा. माणसं मूतखड्यावर ती घेतात हे मला माहीत आहे आणि सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे. पण माणसाचा खडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, गिनी पिगचा बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा. दोन्ही खडे वेगळे, दोन्ही शरीरं वेगळी, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लावता येत नाही. हुलग्याचं कढण विषारी नाही, पण त्याने खडा विरघळतही नाही, उलट पोटात गॅस धरायची भीती. मेडिकलमध्ये मूतखड्याची म्हणून जी सिरप मिळतात त्यातली बरीच लघवी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, करणारी असतात. गिनी पिगची लघवी मुळातच अल्कधर्मी असते, पीएच साधारण 8 ते 9, आणि तिचा खडा अशाच लघवीत धरतो. अशा औषधांतली काही आम्ही प्राण्यांचे डॉक्टरही कधी वापरतो, पण तपासणी करून, वजनावर मात्रा काढून. मनाने नको.

आता मूळ मुद्दा. तुमच्या घरच्यांचा तर्क अर्धा बरोबर आहे. पातेल्याच्या तळाचा थर आणि ठमीचा खडा हे रसायन म्हणून खरोखर एकच आहेत, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. खात्री करायची असेल तर पिंजऱ्यातल्या फडक्यावर लघवीचा जो पांढरा डाग वाळतो त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे येतील. पातेल्यातल्या थरावर टाका, तिथेही येतील. ऑपरेशनमध्ये निघालेला खडा डॉक्टरांनी तुम्हाला दिला असेल तर जपून ठेवा, प्रयोगशाळेत त्याची तपासणी करून घेता येते. खडा कशाचा हे नक्की कळलं की पुढचा सल्ला अंदाजाने द्यावा लागत नाही.

चूक होते ती पुढे. खड्यातलं कॅल्शियम आलं कुठून, हे शोधताना आपण दिसणाऱ्या थराकडे बोट दाखवतो आणि चाऱ्याचा हिशोब करत नाही. तो आता करू. ठमी एक किलोची धरा. असा प्राणी दिवसाला साधारण 100 मिलिलिटर पाणी पितो, हिरवं भरपूर असेल तर कमीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियम लिटरला 75 मिलिग्रॅमपर्यंत असावं असं आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 200 पर्यंत चालवून घेतात. तुमचं बोअर अगदी त्या 200 च्या टोकाला आहे असं समजू. तरी ठमीच्या पोटात पाण्यातून दिवसाला 20 मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं. लसूणघासात वाळलेल्या वजनाच्या सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम असतं, म्हणजे वाळलेल्या मापाने 40 ग्रॅम खाल्ली तर 500 ते 600 मिलिग्रॅम. तेवढंच साधं गवत खाल्लं असतं तर 200 च्या आतबाहेर. वरून 30 ग्रॅम शेवग्याचा पाला, त्याचे आणखी नव्वदच्या वर. सशाच्या गोळ्याही बऱ्याचदा लसूणघासाच्या पिठाच्याच असतात, त्या आणखी वेगळ्या.

म्हणजे पाण्याचे 20 आणि चाऱ्याचे सहा-सातशे. कॅनचं पाणी आणून तुम्ही त्या विसातले काही कमी कराल आणि सहाशे तसेच राहतील. माझा अनुभवही हेच सांगतो. बेळगाव शहरात राकसकोप जलाशयाचं पाणी पिणाऱ्या, भांड्याला थर न धरणाऱ्या घरांतले गिनी पिगही खडा घेऊन माझ्याकडे येतात. आणि अथणी, रायबागकडच्या काळ्या रानातल्या जड पाण्यावर वाढलेले, पण बांधावरच्या गवतावर पोसलेले, म्हातारे होईपर्यंत खडखडीत असतात.

इतर प्राण्यांपेक्षा गिनी पिगमध्ये हे का होतं, तेही समजून घ्या. माणसाच्या आतड्यातून गरजेपुरतं कॅल्शियम आत घेतलं जातं, बाकीचं शौचावाटे निघून जातं. गिनी पिगचं आतडं खाण्यातलं कॅल्शियम सढळपणे आत घेतं आणि जास्तीचं मूत्रपिंडातून, लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून निरोगी गिनी पिगची लघवीही गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरी पूड राहते. ती पूड चिमटीत चोळून बघा. पिठूळ लागली तर घाबरायचं कारण नाही. रवाळ, बोटाला टोचणारी लागली, किंवा लघवीच घट्ट, चिखलासारखी पडायला लागली, तर मूत्राशयात गाळ साचतोय असं समजून दाखवायला न्या.

मग लसूणघास वाईट का? नाही. चार-पाच महिन्यांच्या आतली पिल्लं आणि गाभण किंवा दूध पाजणारी मादी यांना तेवढ्या कॅल्शियमची गरज असते, त्यांना ती जरूर द्या. वाढ पूर्ण झालेल्या, पिल्लं नसलेल्या ठमी-सोनीसारख्यांना ती रोजचा चारा म्हणून नको. उलट टोकालाही जाऊ नका. कॅल्शियम तोडायचंच म्हणून भाकरी, चुरमुरे, धान्य यांवर ठेवलं तर फॉस्फरस वाढतो, दोन्हींचं प्रमाण बिघडतं, दात झिजत नाहीत आणि पोट मंदावतं. चुरमुरे तुम्ही आजच बंद करा, त्यांना त्यातून पोट भरण्यापलीकडे काही मिळत नाही.

रोजचा चारा म्हणजे गवत, आणि ते आपल्या भागात विकत आणायची गरज नाही. ऑनलाइन मिळणारं टिमथी गवत चांगलं असतं, पण ते परवडलं नाही म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. हरळी, बांधावरचं बारीक गवत, गिनी गवत, कोवळा नेपियर, यातलं जे मिळेल ते हिरवं द्या. पाऊस उघडल्यावर माळाचं गवत कापून वाळवतात, त्यातलं हिरवट, सुवासिक, धूळ नसलेलं एखादं भारं कोरड्या जागी ठेवलं तर दोघींना कितीतरी दिवस पुरतं. खानापूरकडच्या लोकांकडे भाताचं पिंजर भरपूर असतं, ते अंथरायला उत्तम, चघळायलाही हरकत नाही, पण त्यात कस नाही, मुख्य चारा ते होऊ शकत नाही. उसाचं वाढं गुरांना घालतात म्हणून गिनी पिगलाही घालतात. ते राठ असतं, त्यात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला धरून बसणारं द्रव्य, तेही बरंच, तेव्हा एखादं पातं चालेल, रोज भारा नको. कोवळं कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी, अजिबात नको. गुरांना किराळ लागतो ते विष या लहान जिवालाही लागतं.

गवत कापताना दोन गोष्टी बघा. उसाच्या बांधावर तणनाशक मारलेलं असतं, तिथलं गवत हिरवं दिसलं तरी आणू नका, रानाच्या मालकाला विचारून मगच कापा. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे जो पाऊस लागतो त्यात वाळल्या गवताला बुरशी धरते. कुबट वास आला की ते गवत बाहेर टाका. हिरवं गवत ओलं असलं तर चालतं, पण ढीग करून ठेवून आतून गरम झालेलं चालत नाही, पोट फुगतं.

हिरव्या गवताचा मी एवढा आग्रह धरतो तो कॅल्शियमसाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त. ताज्या गवतात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणी असतं. दिवसभरात 150 ग्रॅम गवत खाल्लं की शंभरहून जास्त मिलिलिटर पाणी न पिताच पोटात गेलं. लघवी पातळ राहिली की कॅल्शियम तिच्याबरोबर वाहून जातं. तीच लघवी घट्ट झाली आणि प्राणी एका कोपऱ्यात तासन्‌तास बसून राहिला की मूत्राशयाच्या तळाशी गाळ बसतो आणि त्यातून खडा धरतो. खाण्यात कॅल्शियम किती गेलं याच्याइतकंच लघवी किती पातळ आहे आणि मूत्राशय किती वेळा रिकामं होतं याला महत्त्व आहे. बोअरच्या पाण्याचा धोका शोधायचा तर इथे शोधा: पाणी खारट, मचूळ लागतं म्हणून ठमी ते कमी पीत असेल तर मात्र कॅनचं पाणी द्यायला अर्थ आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. चार दिवस बोअरचं, चार दिवस कॅनचं पाणी मापून ठेवा आणि रोज किती संपलं ते लिहा. कॅनचं जास्त संपत असेल तर तेच चालू ठेवा. सारखंच संपत असेल तर पैसे आणि हेलपाटा वाचवा.

पाण्यातले व्हिटॅमिन सीचे थेंब बंद करा. त्या थेंबांनी पाण्याची चव बदलते, आणि चव बदलली की बरेच गिनी पिग पाणी कमी पितात. शिवाय उजेडात, पाण्यात ते व्हिटॅमिन काही तासांत कमी होत जातं, म्हणजे नेमकं किती पोटात गेलं ते कळतच नाही. व्हिटॅमिन सी त्यांना रोज लागतंच, आपल्यासारखंच त्यांच्या शरीरात ते तयार होत नाही, निरोगी मोठ्या प्राण्याला वजनाच्या किलोला 10 ते 30 मिलिग्रॅम. पण ते ढब्बू मिरचीतून द्या. 100 ग्रॅम ढब्बू मिरचीत 80 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्हिटॅमिन सी आणि कॅल्शियम मात्र 20 मिलिग्रॅमच्याही आत. रोज एकेकीला दोन बोटं रुंदीचा तुकडा पुरे. पेरूत व्हिटॅमिन सी याच्याही दुपटीहून जास्त असतं, पण त्यात साखर आहे, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा लहान फोड, बिया काढून.

पालेभाज्या सगळ्या बंद करायच्या नाहीत, निवडून द्यायच्या. मेथीत 100 ग्रॅममागे 250 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, राजगिऱ्याच्या आणि शेवग्याच्या पाल्यात 300 च्या वर. ठमीला हे तीन पाले आता नकोतच. सोनीला कधीतरी चार काड्या मिळाल्या तर बिघडत नाही. पालकात कॅल्शियम त्या मानाने कमी पण ऑक्झलेट जास्त, म्हणून तोही रोजचा नको. काकडी सालासकट, ढब्बू मिरची, दुधी, थोडी कोथिंबीर, लेट्यूस मिळालं तर ते, हे आलटून पालटून द्या. पाला-भाजी धुतल्यावर झटकू नका, अंगावरच्या पाण्यासकटच ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण यात कष्ट काहीच नाहीत आणि पाणी थेट पोटात जातं.

गोळ्यांची वाटी भरलेली ठेवण्याची सवय मोडा. मोठ्या प्राण्याला दिवसाला एक मोठा चमचा पुष्कळ झाला, गवत भरपूर असेल तर त्याहून कमीही चालेल. पाकिटावर कॅल्शियमचा टक्का आणि पहिला घटक कोणता ते वाचा. पहिला घटक अल्फाल्फा असेल तर ती लसूणघासच झाली. सशाच्या गोळ्यांत व्हिटॅमिन सी घातलेलं नसतं हेही लक्षात असू द्या.

राहण्याच्या जागेचं थोडक्यात. दोघींना मिळून निदान आठ चौरस फूट मोकळी जमीन हवी, आणि रोज तास-दोन तास घरात फिरायला सोडा. हिंडणारा गिनी पिग जास्त वेळा लघवी करतो. बाटलीबरोबर मातीचं किंवा दगडी, जड, उथळ भांडंही पाण्याला ठेवा, त्यातून बरेच जण जास्त पितात. बाटलीची गोळी अडकते आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून रोज बोट लावून थेंब येतो का बघा. अंथरूण ओलं राहू देऊ नका. मादीचा मूत्रमार्ग गुदाच्या जवळ आणि आखूड असतो, घाणीतून जंतू वर चढतात, आणि सुजलेल्या मूत्राशयात त्रास वाढतो.

आता ज्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही ते. ठमी आणि सोनी एकाच वाटीत खातात, तरी खडा एकीलाच झाला. काही प्राण्यांची घडणच अशी असते की सगळं नीट पाळूनही खडा परत धरतो, आणि एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्तच. आहार बदलल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि आत असलेला कार्बोनेटचा खडा कोणत्याही आहाराने किंवा औषधाने विरघळत नाही, हे स्पष्टच सांगतो, नाहीतर लोक महिना-दोन महिने वाट बघत बसतात. म्हणून ठमीचा तीन-चार महिन्यांनी एकदा एक्स-रे करून घ्या. हे खडे एक्स-रेमध्ये ठळक पांढरे दिसतात. लहान असताना सापडला तर मादीत तो कधी भूल देऊन मूत्रमार्गातूनच काढता येतो, पोट उघडावं लागत नाही. नर असता तर मी याहून घाईने बोललो असतो, कारण त्याचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो, खडा अडकून लघवी बंद झाली तर तासांचा प्रश्न असतो.

घरी दर रविवारी दोघींना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर लक्ष ठेवा, 100 उतरले तर त्याच दिवशी दाखवा. लघवी किंवा लेंड्या करताना बारीक किंचाळणं, पाठ वर काढून बसणं, मागचा भाग सतत ओला, फडक्यावर गुलाबी डाग, यातलं काहीही दिसलं तर वजनाची वाट बघू नका. रक्त दिसलं म्हणजे खडाच असं मात्र धरू नका. मादीत ते गर्भाशयातूनही येतं, म्हणून एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही लागू शकतात.

डॉक्टरांकडे नेण्याआधी फोन करून गिनी पिग तपासतात का, त्यांना भूल देतात का, एवढं विचारा. गुरांचे चांगले डॉक्टर आपल्याकडे गावोगावी आहेत, पण या प्राण्याची औषधं वेगळी. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन यातलं काही तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून गिनी पिग दगावू शकतो. घरातली माणसाची उरलेली गोळी तर कधीच नको. ऑपरेशनसाठी नेताना कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. गिनी पिगला उलटी होत नाही आणि त्याचं पोट थांबलं की जीव धोक्यात येतो, सोबत गवत घेऊनच जा.

शेवटचं म्हणजे हा बदल एका दिवसात करू नका. आठ-दहा दिवसांत लसूणघास रोज थोडी कमी आणि गवत रोज थोडं जास्त, गोळ्याही तशाच कमी. सवयीचा चारा एकदम काढला तर ठमी रुसून खाणंच सोडेल, आणि दिवसभर न खाल्लेला गिनी पिग हा खड्याइतकाच काळजीचा विषय आहे. महिन्याभराने दोघींची वजनं आणि पाण्याची मापं लिहून कळवा, ठमीचे एक्स-रे असतील तर तेही पाठवा, मग गोळ्या पूर्ण बंद करायच्या का ते बघू.